रोमन ग्लॅडिएटरच्या चित्रांचे खेळायचे पत्ते काढतोयस तर आधी हे वाच

स्केचेस बघितले, लाइनवर्क भारी आहे रे, पण प्रत्येक ग्लॅडिएटर सिंहाशीच कशाला लढवतोयस? जनावरांशी लढणारे वेगळे असायचे, वेनातोर म्हणायचे त्यांना, बहुतेक वेळा हातात भाला आणि अंगावर चिलखत जवळपास नाहीच.

बदामच्या राजाला जाळं आणि त्रिशूळ दिलंयस म्हणजे तो रेटिआरिअस झाला, मग हेल्मेट काढ त्याचं आणि डाव्या खांद्यावर धातूचं उभं कवच दे. त्याच्यासमोर सेक्युटर, म्हणजे जाळंवाल्याशी लढणारा ग्लॅडिएटर, हेल्मेट गुळगुळीत अगदी अंड्यासारखं, जाळं अडकू नये म्हणून, डोळ्यांना दोन बारीक भोकं बस्स. आणि हो, खालचा अर्धा भाग १८० अंशात रोटेट कर, फ्लिप केलास की कवच उजव्या खांद्यावर जातं आणि जाणकार लगेच पकडतात!

एक्क्यांसाठी ट्युनिशियातलं स्मिरातचं मोझाइक बघच, त्यात चार बिबटे आहेत आणि चौघांची नावंसुद्धा लिहिलीयत, विक्टोर, क्रिस्पिनुस, रोमानुस, लुक्सुरिउस. चार एक्के आयते मिळाले की!

साइज ६३ बाय ८८ मिमी धर, कडेला ३ मिमी ब्लीड (छापल्यावर कापली जाणारी जादा कड) सोड, आणि कोपऱ्यातल्या आकड्यावर आयाळ वगैरे आणू नकोस, हातात पत्ते पसरले की तेवढंच दिसतं.