रिजिड हेडल मागावर ट्विल विणता येतं का? चौघींनी मिळून शिकायचं तर सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चौघींकडे रिजिड हेडल माग आहेत, साधी वीण हाताला बसली आहे, आता ट्विल (तिरप्या रेघांची वीण) शिकायचं आहे. त्यासाठी चार शाफ्टचा, म्हणजे धाग्यांचे चार गट वेगवेगळे उचलणारा, माग घ्यावाच लागेल का?

नाही. एकच फणी (भोकं आणि खाचा असलेलं मागाचं हेडल), धागे वेचायची एक चपटी पट्टी आणि दोऱ्याचे फासे ओवलेली एक काडी एवढ्यावर स्वच्छ ट्विल निघतं. मात्र पहिल्याच दिवशी २/२ ट्विलच्या (दोन उभे धागे वर, दोन खाली) मागे लागू नका. तीन धाग्यांच्या १/२ ट्विलपासून (एक वर, दोन खाली) सुरुवात करा.

त्याचं कारण फणीच्या रचनेत आहे. नेहमीच्या भरणीत (फणीत धागे ओवण्याच्या रीतीत) भोकातला एक, खाचेतला एक असे धागे येतात. २/२ ट्विलच्या प्रत्येक ओळीला भोकांतले निम्मे आणि खाचांतले निम्मे धागे वर हवेत. खाचांतले धागे मोकळे असल्यामुळे पट्टीने वेगळे काढता येतात, पण भोकांतले सगळे एकदमच हलतात, त्यांचे दोन गट फणी पाडू शकत नाही. मग प्रत्येक ओळ हाताने वेचावी लागते. किनारीपुरतं ते ठीक आहे, अख्ख्या मफलरला माझ्या मते अजिबात नाही.

म्हणून भरणीच बदलायची: भोकात एक धागा आणि शेजारच्या खाचेत दोन. डावीकडून क्रम लावू: भोकातला ‘क’, खाचेतला डावा ‘ख’, खाचेतला उजवा ‘ग’, मग पुन्हा क. क फणी उचलेल, ख काडी उचलेल, ग पट्टी उचलेल.

आधी दाटपणा ठरवा. सूत पट्टीवर (मोजायच्या!) एक इंचभर शेजारी शेजारी गुंडाळा, न ताणता, आणि वेढे मोजा. साध्या विणीला आपण त्याच्या निम्मे धागे घेतो. या ट्विलला सुमारे ०.६ पट घ्यावेत, कारण धागे एकमेकांना कमी वेळा ओलांडतात आणि जास्त जवळ सरकतात. २० वेढे आले तर इंचाला १२ धागे. एका भोक-खाच जोडीत आता दोनऐवजी तीन धागे आहेत, म्हणजे फणीचा आकडा (नेहमीच्या भरणीत इंचाला येणारे धागे) गुणिले दीड. ८ ची फणी बरोबर १२ देते. १०० ग्रॅमला ४०० मीटरच्या आसपासचं मोज्यांचं सूत इथे छान बसतं. केसाळ सूत नको: एकाच खाचेतले दोन धागे एकमेकांना चिकटतात आणि आडवा धागा जायची फट उघडत नाही. ताणा (उभे धागे) फिका, बाणा (आडवा धागा) गडद ठेवा, चूक लगेच दिसते.

नमुन्याला १० इंच रुंदी पुरे. १२० धागे, म्हणजे ४० भोकं आणि ४० खाचा. दोन मीटरचा ताणा लावलात तर बाण्यासकट १५० ग्रॅम सूत हाताशी ठेवा.

खुंटीवरून थेट ताणा लावत असाल तर पहिल्या खाचेतून दोन फेरे (एका फेऱ्याचे दोन धागे) काढा, दुसरीतून एक, तिसरीतून पुन्हा दोन, असे ६० फेरे होतात. ताणा गुंडाळून झाला की दोन फेऱ्यांच्या खाचेत चार धागे असतील. त्यांतला सगळ्यात डावा डावीकडच्या भोकात आणि सगळ्यात उजवा उजवीकडच्या भोकात घाला. एक फेरा असलेल्या खाचेला हात लावायचा नाही. प्रत्येक भोकात एक, प्रत्येक खाचेत दोन, हिशोब जुळतो. शेवटी दोन्ही कडांना बाहेरच्या रिकाम्या खाचेतून एकेक सुटा धागा घ्या.

आता वेचणी. फणी खाली केली की खाचांतले धागे वर येतात. फणीच्या मागे प्रत्येक खाचेच्या जोडीतला उजवा, म्हणजे ग, पट्टीवर घ्या आणि पट्टी मागच्या दांड्यापर्यंत सरकवा. मग प्रत्येक जोडीतला डावा, म्हणजे ख, दुसऱ्या तात्पुरत्या पट्टीवर घ्या. कडेचे सुटे धागे कुठेच घ्यायचे नाहीत. दोन पट्ट्या ठेवून भागत नाही, कारण पुढची पट्टी मागचीला अडवते. म्हणून ख ला दोऱ्याचे फासे: साधारण २० सेंटीमीटरचे, न ताणणाऱ्या गुळगुळीत सुती दोऱ्याचे ४० तुकडे घ्या. प्रत्येक तुकडा एकेका ख खालून नेऊन वर गाठ मारा आणि फासा गोल काडीत ओवा. सगळे फासे पुठ्ठ्याच्या एकाच मापावर बांधा. एक जरी लांब राहिला तरी तो धागा अर्धवट उचलला जातो आणि बाणा नेणारा धोटा त्याच्या वरून जातो. फासे ओवून झाले की तात्पुरती पट्टी काढून टाका.

विणण्याच्या ओळी तीनच. फणी वर. फणी मध्ये, काडी उचला. फणी मध्ये, काडी सोडा आणि पट्टी काडीच्या मागेपर्यंत पुढे आणून उभी करा. पहिल्या दोन ओळींना पट्टी मागे आडवी असलीच पाहिजे. ‘फणी, काडी, पट्टी’ असं म्हणत राहा. या क्रमाने तिरपी रेघ उजवीकडे चढते, उलट क्रमाने डावीकडे. वरच्या बाजूला बाणाच जास्त दिसेल, ते बरोबर आहे. ताण्याची बाजू खाली तयार होते आणि तिथे रेघ उलट दिशेला झुकते.

काठाला सुटा धागा नसेल तर काही ओळींत बाणा कडेचा धागा न पकडताच परत फिरतो. नियम एकच: धोटा आत जाताना सुट्या धाग्याच्या वरून, बाहेर पडताना खालून. हा धागा खालच्या थरातच असतो, त्यामुळे आत जाणं आपोआप होतं. बाहेर पडताना मात्र धोट्याचं टोक मुद्दाम खाली दाबावं लागतं, तिथेच विसर पडतो.

ठोकताना इंचाला १२ ओळी आल्या तर रेघ ४५ अंशांवर राहते. रेघ आडवी पडत असेल तर जास्त ठोकताय, उभी होत असेल तर कमी. मोजणी ताण सैल करून करा, ताणलेल्या कापडावर आकडा कमी दिसतो.

चूक ओळखायची सोपी खूण आहे. रेघ एकाच उभ्या पट्ट्यात सगळ्या लांबीभर तुटत असेल तर दोष भरणीचा किंवा वेचणीचा: खाचेतले ख आणि ग एकमेकांवरून गेलेत, किंवा पट्टीने डावा धागा घेतलाय. रेघ आडवी, एका ओळीतच तुटली असेल तर क्रम चुकलाय, तेवढ्या ओळी उसवा. उभी चूक उसवून जात नाही. म्हणून पहिल्या सहा ओळींनंतर थांबून तपासाच. आणि हे काम शेजारणीकडून करून घ्या, आपल्या मागावरची चूक आपल्याला शेवटी दिसते.

चौघींचा खरा फायदा पुढच्या पायरीला आहे. एकाच कंपनीच्या, एकाच आकड्याच्या फण्या एकमेकींना उसन्या द्या. आकडा वेगळा असेल तर खाचा समोरासमोर येत नाहीत. मागाला दोन फण्या ठेवायची सोय असेल तर हेच ट्विल पट्टी-काडीशिवाय होतं. क पुढच्या फणीच्या भोकात, ख मागच्या फणीच्या भोकात, ग दोन्हींत खाचेतून. पुढची वर, मग मागची वर, मग दोन्ही खाली.

२/२ त्यानंतर. त्याला चार धाग्यांचा क्रम लागतो: १ पुढच्या भोकात, २ मागच्या भोकात, ३ आणि ४ दोन्ही फण्यांच्या खाचांतून, आणि त्यांना एकेक फाशांची काडी. ओळी अशा: दोन्ही फण्या वर, मागची फणी आणि ३ ची काडी, दोन्ही फण्या खाली, पुढची फणी आणि ४ ची काडी. ८ च्या फण्यांवर हे इंचाला १६ धागे होतात, म्हणून सूत इंचाला २४ वेढ्यांचं, जरा बारीक घ्या.