लाकडाची शेगडी रात्रभर कशी टिकवावी?

रात्री दहाला भरलेली धुराड्याची बंद शेगडी तीनलाच विझते आणि हवेची झडप पूर्ण बंद केली की दाराची काच काळी होते, असं तुम्ही लिहिलंय. खरी गोम त्या काळ्या काचेतच आहे. हवा कोंडली की लाकूड जळत नाही, नुसतं धुमसतं. त्या धुरातली डांबरट काजळी, म्हणजे क्रिओसोट, धुराड्यात थरावर थर धरते आणि एखाद्या दिवशी तीच पेट घेते. तेव्हा आग लांबवायची ती लाकूड रचून, झडप आवळून नव्हे.

लाकडात ओलावा २० टक्क्यांच्या आत हवा. ओंडका फोडा आणि ताज्या फाकेच्या मधोमध ओलावा मोजायच्या मापकाच्या सुया टोचा. बाहेरून मोजलेला आकडा फसवा असतो. रात्रीसाठी जड लाकडाच्या १२ ते १५ सेंटिमीटर जाडीच्या फाका घ्या. बारकं सरपण भसाभस जळून जातं.

झोपायच्या तासभर आधी आग निखाऱ्यांवर येऊ द्या. तळाला जाळी नसलेल्या शेगडीत दोन-अडीच सेंटिमीटर राख राहू द्या, निखारा तिच्यातच तग धरतो. निखारे दाराकडे ओढा आणि मागे फाका एकमेकींना खेटून रचा, म्हणजे आग पुढून मागे सावकाश सरकते. आता हवा पूर्ण उघडी ठेवा, फाका सगळीकडून काळ्या पडेपर्यंत. साधारण १५-२० मिनिटं. मग झडप थोडी थोडी, टप्प्याटप्प्याने कमी करा. ज्वाळा मरून नुसता धूर दिसला तर घाई झाली, थोडी परत उघडा. हे होईपर्यंत शेगडीपाशीच बसायचं. तेवढी सवड नसेल तर त्या रात्री भरूच नका.

झडप कमी करूनही आग आवरत नसेल, तर दाराच्या कडेची, फट बुजवणारी दोरी तपासा. कागदाची पट्टी दारात अडकवून ओढा; अलगद निसटली तर दोरी बदला. शेगडी लहान असेल तर सकाळपर्यंत ज्वाळा मिळणार नाहीत, पेटवण्यापुरते निखारे उरले तरी पुष्कळ.

कार्बन मोनॉक्साइडचा, म्हणजे वास न येणाऱ्या विषारी वायूचा, अलार्म मात्र हवाच, त्याशिवाय रात्रभर शेगडी ठेवू नये. धुराडं वर्षातून एकदा तरी साफ करून घ्या.

सकाळी आधी झडप उघडा, मिनिटभर थांबा, मग दार हळूच किलकिलं करा. एकदम उघडलं तर आत साठलेला वायू भडकून तोंडावर येऊ शकतो. राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरून घराबाहेर ठेवा. तिच्यातला निखारा दोन-तीन दिवसही जिवंत राहतो.