पिसासाठी मुंबईत क्लास लावावा का?

मुलगा बोरिवलीत आठवीत आहे, पुढच्या वर्षी जर्मनीला यायचं आहे, इकडे ‘पिसा’ परीक्षा द्यावी लागते म्हणून आत्ताच क्लास लावावा का, असं तुम्ही विचारलंत. क्लासवर एक रुपयाही घालू नका. पिसा ही प्रवेश परीक्षा नाहीच. ओईसीडी ही मुख्यतः विकसित देशांची आर्थिक सहकार्य संघटना २००० सालापासून पंधरा वर्षांच्या मुलांचं वाचन, गणित आणि विज्ञान तपासते, पण सगळ्यांचं नाही. आधी शाळा निवडतात, मग त्यातली काही मुलं. २०२२ मध्ये अख्ख्या जर्मनीतून साधारण सहा हजार मुलं बसली. पेपर दोन तासांचा, संगणकावर, आणि मुलांना प्रश्नांचे वेगवेगळे संच. म्हणून एकेकट्या मुलाची गुणपत्रिका निघत नाही, निकाल देशाचा लागतो.

क्रमवारी पाहून देश ठरवणार असाल, तर नुसती सरासरी पाहू नका. २०२२ च्या गणितात सिंगापूर ५७५, जर्मनी ४७५, ओईसीडीची सरासरी ४७२. पण जर्मनीत जवळपास ३० टक्के मुलं गणितात दुसऱ्या पातळीपर्यंतही पोचलेली नाहीत, आणि ती पातळी म्हणजे किमान अपेक्षा. घरी जर्मन न बोलणारी मुलं मागे पडतात, हे तर दर फेरीत दिसतं. बहुतेक राज्यांत चौथीनंतरच मुलांची वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांत वाटणी होते. गिम्नाझियुम ही त्यातली विद्यापीठाकडे नेणारी मुख्य वाट. उशिरा आलेल्या मुलाला तिथे शिरायला गणित येऊन भागत नाही, जर्मन लागतं.

तेव्हा पैसे आणि वेळ भाषेवर घाला. काळा घोड्याच्या मॅक्स म्युलर भवनात, म्हणजे जर्मन शिकवणाऱ्या संस्थेत, आत्ताच नाव घाला. भाषेच्या पायऱ्यांपैकी निघेपर्यंत ए-टू (दुसरी) झाली तर उत्तम, बी-वन (तिसरी) झाली तर फारच छान. इथे आल्यावर आधी बहुधा भाषेच्या तयारी वर्गात बसवतील. त्याचं नाव आणि मुदत राज्यागणिक बदलते. हा वर्ग कोणत्या प्रकारच्या शाळेला जोडलेला आहे आणि तिथून गिम्नाझियुमला जाता येतं का, हे नाव घालण्याआधीच विचारा. बरेच पालक हे विचारत नाहीत आणि हुशार मूल सोप्या शाखेत अडकतं. शाळा सोडल्याचा दाखला आणि मागच्या दोन वर्षांच्या गुणपत्रिका मूळ प्रतीत आणा. जर्मन भाषांतर इथल्या शपथबद्ध अनुवादकाकडून करून घेता येतं.

पिसाचे जुने नमुना प्रश्न इंटरनेटवर फुकट मिळतात, जर्मनमध्येही. गणिताचे काही प्रश्न त्याला आधी इंग्रजीत द्या आणि काही महिन्यांनी तशाच धर्तीचे जर्मनमध्ये. इंग्रजीत सुटतात आणि जर्मनमध्ये अडतात, तर शिकवणी कशाची लावायची ते तुम्हाला कळेल.