आईच्या अमेरिकेच्या फॅमिली व्हिसासाठी: जन्मनोंदीत नाव नाही, शाळेच्या दाखल्यावर १ जून, लग्नानंतर नाव बदललेले. कागदपत्रे कशी जुळवावीत?

आपल्या प्रश्नावरून मला समजलेली परिस्थिती अशी आहे. अमेरिकेचे नागरिक असलेल्या आपल्या मामांनी २००६ साली बहिणीसाठी, म्हणजे आपल्या आईसाठी, आय-१३० हा अर्ज केला होता. इतक्या वर्षांनी आता क्रमांक आला असून एनव्हीसीने, म्हणजे तिकडच्या राष्ट्रीय व्हिसा केंद्राने, कागदपत्रे मागितली आहेत. आईंचा जन्म निफाड तालुक्यातील गावी झाला. तेथील जुन्या नोंदीत ‘मुलगी’ एवढेच लिहिले आहे आणि तारीख ऑगस्ट १९६७ ची आहे, तर शाळेच्या दाखल्यावर आणि पासपोर्टवर १ जून १९६८ आहे. त्यातच लग्नात नावही बदलले. नाशिकमधील एका एजंटाने ‘जुनी नोंद विसरा, शाळेच्या तारखेने नवा जन्मदाखला काढून देतो’ असे सांगितले असून तसे करावे का, हा आपला प्रश्न आहे.

करू नये. बाकी उत्तर लांब आहे, पण एवढे आधी सांगून टाकतो.

मी नाशिकमध्ये एका माध्यमिक शाळेच्या कार्यालयात एकतीस वर्षे लिपिक होतो. माझ्या आतेबहिणीसाठी तिच्या भावाने २००४ साली असाच अर्ज केला होता आणि तिची सगळी कागदपत्रे मीच जमवली. २०२२ मध्ये तिची मुलाखत झाली. मी वकील नाही. त्यामुळे पुढे जे लिहितो आहे ते कागद हाताळलेल्या माणसाचे मत समजावे.

भारतातील जुन्या जन्मनोंदी अपुऱ्या असतात, हे अमेरिकन अधिकाऱ्यांना चांगले ठाऊक आहे. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. तो १ एप्रिल १९७० पासून लागू झाला, आणि त्यापूर्वी जन्मलेल्यांकडे व्यवस्थित दाखला नसणे त्यांच्या लेखी नवलाचे नाही. अशा वेळी पर्यायी पुरावा कसा द्यायचा, हे त्यांच्याच नियमांत लिहिलेले आहे. याउलट, खरी नोंद दप्तरात असताना सत्तावन्न वर्षांनी वेगळ्या तारखेचा ताजा दाखला पुढे केला आणि ते उघड झाले, तर तो जाणूनबुजून दिलेला खोटा तपशील ठरू शकतो, आणि त्याची शिक्षा एका अर्जापुरती नसून कायमच्या अपात्रतेपर्यंत जाते. शिवाय एक वर्षाहून उशिरा केलेल्या नोंदींची छाननी २०२५ पासून महाराष्ट्रातही फार कडक झाली आहे, म्हणजे एजंटाचे हे ‘काम’ इकडेही अंगाशी येऊ शकते. आमच्याही घरी असाच एक गृहस्थ आला होता. त्याने आणलेला नमुना दाखला मी हातात घेऊन पाहिला. शिक्का ठळक, कागद करकरीत आणि नोंदणीचा दिनांक गेल्या महिन्यातला. ज्याने आयुष्यभर दाखले लिहिले त्याला जे एका नजरेत दिसते, ते रोज शेकडो दाखले पाहणाऱ्या वकिलातीतील माणसाला दिसणार नाही, असे मानण्याचे कारण नाही.

आता नोंदीत नाव का नाही, ते पाहू. पूर्वी गावात जन्म झाला की कोतवाल ती खबर देई आणि गाव नमुना १४ मध्ये नोंद होई. लोक अजून त्याला ‘कोतवाल बुक’च म्हणतात. खबर जन्मानंतर लगेच जायची आणि बारसे बाराव्या दिवशी व्हायचे. त्यामुळे नोंद करताना बाळाला नावच नसे. आमच्या ताईची, म्हणजे त्या आतेबहिणीची, नोंद सिन्नर तालुक्यातली होती. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात रजिस्टर समोर आले तेव्हा पानांच्या कडा वाळवीने खाल्लेल्या होत्या, शाई तपकिरी पडली होती, आणि बापाचे नाव, जात, तारीख यांच्यानंतर ‘स्त्री’ हा एकच शब्द होता. ताई ते पान बघून हिरमुसली. मला मात्र ते पान फार मोलाचे वाटले, कारण त्यावर तिच्या आजोबांचे नावही होते आणि ते तिच्या भावाच्या नोंदीशी तंतोतंत जुळत होते.

आपणही त्या नोंदीची साक्षांकित नक्कल आधी घ्यावी. नोंद आईंचीच आहे हे दाखवण्यासाठी सर्व भावंडांच्या नोंदी शोधून जन्मक्रम मांडावा. दोन भावंडांच्या मधल्या काळात एकच मुलगी जन्मलेली दिसत असेल तर नावाची उणीव बरीच भरून निघते. २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधमोहिमेत राज्यभर हे जुने दप्तर उघडले गेले आणि अनेक ठिकाणी स्कॅनही झाले, त्यामुळे आम्हाला ज्या कामाला चार खेपा पडल्या ते आपल्याला एखाद्या खेपेत जमेल. कायद्याच्या कलम १४ खाली नाव नसलेल्या नोंदीत नाव घालता येते. त्याची मुदत शासन वेळोवेळी वाढवत आले आहे, पण इतक्या जुन्या नोंदीला ती सोय लागू होते का, हे निबंधकालाच विचारावे. ग्रामपंचायतीच्या रजिस्टरात काहीच सापडले नाही, तर ‘नोंद आढळत नाही’ असे तोंडी ऐकून परतू नये. त्याचे नमुना १० मध्ये लेखी अनुपलब्धता प्रमाणपत्र मिळते आणि व्हिसाच्या फाईलमध्ये त्याला जन्मदाखल्याखालोखाल महत्त्व आहे.

येथे एक गोष्ट लोक हमखास चुकतात. जन्मनोंद राहत्या गावी नसून जन्मगावी असते. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होण्याची रीत असल्यामुळे थोरल्या भावंडाची नोंद आईच्या माहेरच्या गावात आणि धाकट्यांची सासरच्या गावात सापडते. मामा थोरले असतील तर त्यांची नोंद आपल्या पणजोळी शोधावी लागेल. नाशिक शहरातही हाच घोळ आहे. महापालिका १९८२ मध्ये झाली. त्यापूर्वी नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर येथे वेगवेगळ्या नगरपालिका होत्या, आणि देवळाली कॅम्प तर आजही छावणी मंडळाकडे आहे. ताईच्या भावाची १९५८ ची नोंद आम्ही दोन दिवस राजीव गांधी भवनात विचारत बसलो आणि ती मिळाली नाशिकरोडच्या विभागीय कार्यालयात.

१ जूनबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण हा दोष माझ्याच जमातीचा आहे. शाळा जूनमध्ये उघडत असे, पहिलीसाठी वय पूर्ण लागे आणि बापाला तारीख आठवत नसे. मग गुरुजी मुलाचा हात डोक्यावरून घेऊन पलीकडचा कान धरता येतो का ते बघत आणि जनरल रजिस्टरमध्ये १ जून लिहून टाकत. आमच्या शाळेतील एका जुन्या रजिस्टरच्या एका पानावर पंचवीसपैकी एकोणीस मुलांचा वाढदिवस १ जून होता. मुंबईच्या वकिलातीत ही तारीख नवीन नाही. परंतु ती आपोआप समजून घेतली जाईल असेही गृहीत धरू नये. आम्ही तीन गोष्टी दिल्या: गाव नमुन्याची नक्कल, शाळेच्या जनरल रजिस्टरचा मुख्याध्यापकांच्या सहीचा उतारा (नुसता शाळा सोडल्याचा दाखला नव्हे, कारण उताऱ्यात प्रवेशाचे वर्ष आणि पालकाचे नावही असते) आणि दोन तारखा का आहेत हे सांगणारे ताईच्या सहीचे एक पानी निवेदन. पासपोर्ट बदलला नाही. आपण तो दुरुस्त करावा की आहे तसा ठेवून खुलासा द्यावा, आणि डीएस-२६० मध्ये, म्हणजे व्हिसाच्या ऑनलाइन अर्जात, कोणती तारीख भरावी, एवढी एक गोष्ट मात्र अमेरिकेत परवाना असलेल्या इमिग्रेशन वकिलाला पैसे देऊन विचारावी. ती माझ्यासारख्याच्या भरवशावर ठरवू नये.

नावाचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवे नाव लिहिले, की माहेरची सुमन सासरी सुनंदा होते आणि त्याचा कागद कोणी करत नाही. विवाह नोंदणी झालेली नसेल तर ती आता करावी. १९९८ च्या महाराष्ट्राच्या कायद्याखाली उशिरानेही होते. अर्जात प्रत्यक्ष लग्नाची तारीखच लिहावी आणि नोंदणीची तारीख अलीकडची दिसली तरी घाबरू नये. लग्न लावणारे भटजी हयात नसतील, तर त्याचे प्रतिज्ञापत्र करून मार्ग निघतो. सोबत जुनी लग्नपत्रिका जोडावी. तिच्यावर ‘चि. सौ. कां.’ नंतर माहेरचे नाव आणि वडिलांचे नाव छापलेले असते, आणि तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचा छापील कागद कोणी नंतर तयार केला असेल अशी शंका सहसा येत नाही. नावबदल राजपत्रात प्रसिद्ध करून घेता येतो. तो पुढील व्यवहारांसाठी उपयोगी आहे, पण केवळ राजपत्राने जुने नाव आणि नवे नाव एकाच व्यक्तीचे होते हे सिद्ध होत नाही, म्हणून त्यावर विसंबू नये. डीएस-२६० मध्ये ‘इतर नावे’ विचारली जातात तेथे माहेरचे, सासरचे आणि कागदोपत्री आढळणारे प्रत्येक नाव लिहावे. लपवण्यासारखे त्यात काही नाही.

प्रतिज्ञापत्रे किमान दोन असावीत आणि ती आईंपेक्षा वयाने मोठ्या, जन्माच्या वेळी समज असलेल्या नातलगांची असावीत. नोटरीच्या टेबलावरील ठरावीक मसुद्यात नुसती नावे भरून दोघांच्या सह्या घेतल्या, तर शब्दन् शब्द सारखी दोन प्रतिज्ञापत्रे तयार होतात आणि त्यांना काही वजन राहत नाही. आमच्या ऐंशी वर्षांच्या मोठ्या आत्याने सांगितले की जन्माच्या रात्री वाड्यात दिवा लावायला रॉकेल नव्हते आणि सुईण शेजारच्या मळ्यातून आणावी लागली. नोटरी म्हणाला, ‘हे कशाला लिहायचे?’ मी ते हट्टाने लिहून घेतले. स्वतःचे जन्मवर्ष, पत्ता, नाते आणि ही माहिती आपल्याला कशी आहे, हे प्रत्येक प्रतिज्ञापत्रात आलेच पाहिजे.

भावंडांच्या अर्जात मूळ प्रश्न असतो तो दोघांचे आई-बाप एक आहेत का, हा. म्हणून मामांचाही जन्मपुरावा तितकाच लागतो. ताईच्या मुलाखतीत अधिकारीबाईंनी तारखेबद्दल एकच प्रश्न विचारला, ताईने मराठीत ‘गुरुजींनी लिहिली’ असे उत्तर दिले आणि विषय संपला. पण भावाच्या नोंदीत आईचे नाव वेगळे होते, कारण तेथे माहेरचे नाव पडले होते. तेवढ्यासाठी २२१ (जी) ची, म्हणजे कागद अपुरे असल्याने व्हिसा थांबवल्याची, चिठ्ठी हातात आली. नाशिकला परतताना संपूर्ण कसारा घाट ताई रडत होती. वास्तविक ती चिठ्ठी म्हणजे कायमचा नकार नसतो. कमी असलेले कागद देण्यासाठी एक वर्ष असते. आम्ही ताईच्या आईचा विवाहापूर्वीचा शाळेचा उतारा आणि वारसनोंदीचा फेरफार दिला आणि तीन महिन्यांत व्हिसा आला. सातबारावरील वारसांची नोंद हा भावंडांचे नाते दाखवणारा उत्तम जुना पुरावा आहे, तो अवश्य काढावा. कागदांनी समाधान झाले नाही तर डीएनए चाचणी सुचवली जाऊ शकते, मात्र ती त्यांनी सुचवल्यावर आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतूनच करावी.

आपला धाकटा भाऊ बावीस वर्षांचा असल्याचे आपण लिहिले आहे. एकविशी ओलांडली म्हणून त्याचे नाव लगेच वगळू नका. क्रमांक उपलब्ध झाला त्या दिवशीच्या वयातून मूळ अर्ज मंजुरीविना पडून राहिलेला काळ वजा करतात. २००६ चा अर्ज २०१० मध्ये मंजूर झाला असेल तर चार वर्षे वजा होऊन तो अठरा वर्षांचा धरला जाईल. अट अशी की तो अविवाहित असावा आणि क्रमांक उपलब्ध झाल्यापासून एका वर्षाच्या आत त्याच्यासाठी पाऊल उचललेले असावे. एनव्हीसीच्या पत्राला वर्षभर उत्तरच दिले नाही तर मूळ अर्जही रद्द होऊ शकतो, म्हणून कागद अपुरे असले तरी संपर्क तुटू देऊ नये.

मराठी कागदांचे इंग्रजी भाषांतर पूर्ण हवे, शिक्क्यातील मजकुरासह, आणि खाली भाषांतरकाराने ते अचूक असल्याचे व आपल्याला दोन्ही भाषा येत असल्याचे सही करून लिहावे. नक्कल स्कॅन करताना मागची बाजूही घ्यावी.

या सगळ्याच्या आधी एक काम आहे. २००६ साली मामांनी नेमके काय भरले होते आणि कोणते कागद जोडले होते, त्याची प्रत त्यांच्याकडून मागवून घ्या. त्यांनी ती ठेवली नसेल तर तिकडच्या माहितीच्या कायद्याखाली ती त्यांना मागता येते. त्या अर्जात आईंचे नाव आणि जन्मतारीख काय लिहिली आहे, ते येथे कळवा. १ जून लिहिली असेल तर निवेदनाची सुरुवात एका प्रकारे करावी लागेल, आणि ऑगस्टची लिहिली असेल तर पासपोर्टवर ती का नाही येथून सुरुवात करावी लागेल.