फार्ल म्हणजे चतकोर, आणि व्हीटन म्हणजे?

प्रश्न असा आला आहे: उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टला शिकणाऱ्या भाचीने नाश्त्याच्या ताटाचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, ‘सोडा फार्ल, पोटॅटो फार्ल, बाजूला व्हीटन.’ हे सगळे तिकडच्या पावाचे प्रकार. व्हीटन म्हणजे गव्हाचा, तर मग सोडा फार्ल, म्हणजे सोडा ब्रेड, कशाचा? आणि फार्लला मराठीत काय म्हणायचं?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते आपल्या भाकरीच्या टोपलीतच आहे. चतकोर.

सतराव्या शतकात स्कॉटलंडहून आयर्लंडच्या उत्तरेला, अल्स्टरमध्ये, लोक वसायला आले. त्यांच्या स्कॉट्स बोलीतला ‘फार्डेल’ झिजून ‘फार्ल’ झाला. त्याच्या पोटात ‘चौथा’ आणि ‘वाटा’ असे दोन जुने शब्द आहेत. आपल्या चतकोरातला ‘चत’ चतुर् वरून आलेला, आणि इंग्रजी ‘फोर’ व संस्कृत ‘चतुर्’ एकाच मुळाचे. म्हणजे अर्थ तर जुळतोच, वर लांबचं नातंही निघतं. कृतीही तीच सांगते: कणकेचा जाडसर गोल थापायचा, सुरीने अधिक चिन्हासारखे दोन काप देऊन चार तुकडे करायचे आणि तव्यावर दोन्ही बाजूंनी शेकायचे.

फक्त एक अडचण आहे. चतकोर म्हटलं की मराठीत भूक आठवते. दारात आलेल्याला चतकोर भाकरी देतात. फार्लला तसला वास नाही, तो अंडी-बेकनच्या भरगच्च ताटात ऐटीत बसतो. त्यामुळे अर्थ सांगताना चतकोर म्हणा, पण पदार्थाचं नाव फार्लच राहू द्या.

आता व्हीटन. शब्दाची घडण सरळ आहे, ‘गव्हाचा’. पण सोडा ब्रेडही गव्हाचाच असतो! मग हा वेगळा कसा? तर व्हीटन कोंड्यासकट दळलेल्या पिठाचा, तपकिरी. सोडा फार्ल पांढऱ्या पिठाचा. हसू येत असेल तर आपल्या बेकरीत जाऊन बघा. ‘ही बिस्किटं गव्हाची की मैद्याची?’ असं आपण रोज विचारतो, जणू मैदा दुसऱ्याच कुठल्या धान्याचा आहे. गव्हाचं म्हणजे अख्ख्या गव्हाचं, हे गृहीतच. तेव्हा व्हीटनचं ‘गव्हाचा’ हे भाषांतर अगदी चपखल आहे, कारण गफलतसुद्धा तीच आहे.

हा शब्द मुख्यतः उत्तरेतला. दक्षिणेत, डब्लिन-कॉर्ककडे, त्याच पावाला ब्राउन ब्रेड म्हणतात. तिथे सोडा ब्रेड म्हटलं तर वर क्रूसासारखी चीर दिलेला, ओव्हनमध्ये भाजलेला गोल पाव पुढे येतो. बेलफास्टात नुसतं ‘सोडा’ म्हटलं तरी तव्यावरचा फार्ल मिळतो. पोळी-चपातीवरून आपल्याकडे जे होतं, तेच. आयरिश भाषेत तर घरच्या सोडा ब्रेडला ‘काका बाले’ म्हणतात. शब्दशः ‘घरचा केक’, गोड नसला तरी.

सोडा म्हणजे आपला खायचा सोडा. तिकडे तो ‘ब्रेड सोडा’. एकोणिसाव्या शतकात तो घरोघरी पोचला आणि रुजला. आयर्लंडच्या ओल्या हवेतला गहू मऊ, चिकटपणाला कमी, यीस्टच्या पावाला फारसा न मानवणारा. त्यात लोणी काढून उरलेलं आंबट ताक घरचंच. ताकातल्या आम्लाशी सोडा भिडला की वायू सुटतो आणि पाव फुगतो. म्हणून पीठ मळत बसायचं नाही, कालवून लगेच तव्यावर.

मी केला तेव्हा नेमकं इथेच चुकलो. पाव किलो मैदा, अर्धा चमचा सोडा, अर्धा चमचा मीठ आणि साधारण २०० मिली ताक हे प्रमाण बरोबर होतं, पण ताक आपलं जेवणातलं, पाणी घातलेलं. पीठ तव्यावर पसरलं, चार तुकडे पुन्हा एकमेकांना चिकटले. दुसऱ्यांदा आंबट दही जेमतेम सैल करून घेतलं आणि मंद आंचेवर केले, तेव्हा कुठे चतकोर सुटे निघाले. शेवटी कडाही तव्यावर उभ्या धरून शेकायच्या, नाहीतर तिथे कच्चे राहतात.

फोटोतला पोटॅटो फार्ल मात्र वेगळ्या घरचा. त्यात उकडून कुसकरलेला बटाटा, लोणी, मीठ आणि बांधण्यापुरता मैदा. आकार तोच, म्हणून नावही तेच. उत्तरेत काही ठिकाणी त्याला ‘फॅज’ म्हणतात. भाचीला विचारा, तिच्या आसपास कुठला शब्द चालतो.