वाचकांचे प्रश्न : आरव्हीत कायमचं राहायचं तर

प्रश्न : आम्ही दोघे टेक्सासमध्ये असतो. निवृत्तीनंतर घर विकून पूर्ण वेळ आरव्हीत, म्हणजे चाकांवरच्या घरात, राहायचं ठरवलं आहे. ‘पाऊण टन’ वर्गातला डिझेल पिकअप ट्रक आहे. आठ वर्षं जुनी, 34 फुटी फिफ्थ व्हील (ट्रकच्या हौद्यात जोडून ओढायचा मोठा ट्रेलर) पसंत पडली आहे. विक्रेता म्हणतो, ट्रक 18,000 पौंड ओढतो आणि ट्रेलर भरून 14,000 चाच, काळजी नको. घ्यावी का?

उत्तर : या ट्रकला नको. विक्रेत्यानं ओढायचा आकडा सांगितला, पण ट्रक अडतो तो पाठीवरच्या वजनावर. फिफ्थ व्हीलचं पुढचं टोक ट्रकच्या हौद्यात बसतं आणि भरलेल्या ट्रेलरचं 20 ते 25 टक्के वजन तिथं येतं. 20 टक्के धरले तरी 2,800 पौंड. हिचचे (ट्रक-ट्रेलर जोडणीचे) 200 आणि तुम्हा दोघांचे 320 मिळवा : 3,320. आता ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं लेबल वाचा. माणसं आणि सामान मिळून किती पौंड चालतील ते त्यावर छापलेलं असतं. पाऊण टनाच्या डिझेलला तो आकडा बहुधा 2,000 ते 2,500 च्या आसपास असतो. इंजिन कुरकुरणार नाही, म्हणूनच माणूस फसतो; भार सोसतात मागचा एक्सल आणि टायर.

एक टनाचा ट्रक घ्यायचा नसेल तर साधा ट्रॅव्हल ट्रेलर पाहा. त्याचा हिचवरचा भार 10 ते 15 टक्केच असतो. भरून 8,000 पौंडांचा असला तर 800 ते 1,200.

माहितीपत्रकातलं ‘कोरडं वजन’, म्हणजे रिकाम्या ट्रेलरचं वजन, विसरा. 60 गॅलन पाणी म्हणजेच 500 पौंड; वर कपडे, भांडी, धान्याचे डबे. सगळं भरून ट्रक थांब्यावरच्या काट्यावर एकदा वजन कराच.

जुन्या ट्रेलरला खरं मारतं ते पाणी. बाहेरून भिंतीवर तिरका टॉर्च मारा, फुगवटा दिसला तर सौदा सोडा. स्लाइडच्या (बाहेर सरकणाऱ्या खोलीच्या) कोपऱ्यांत जमीन पायाने दाबून पाहा, वरच्या कपाटांच्या आत ओलावामापक लावा. घेतल्यावर छताचे सांधे दर सहा महिन्यांनी तपासा, आणि डागडुजी छतासाठीच्याच सीलंटनं करा. सिलिकॉन लावलं की पुढं त्यावर काहीच नीट चिकटत नाही. टायरवर शेवटचे चार आकडे 2319 असले तर तो 2019 च्या 23व्या आठवड्यातला. नक्षी कोरी दिसली तरी सहा वर्षांनंतर बदलाच.

प्रश्न : हुक-अप (तळावरची वीज-पाण्याची जोडणी) नसतानाही दोन्ही वेळचा स्वयंपाक इंडक्शनवर करायचा आहे. 100 अँपिअर-तासाच्या दोन लिथियम बॅटऱ्या पुरतील का?

उत्तर : ओढाताण होईल. दोन बॅटऱ्यांत मिळून अडीच युनिट वीज. वरण-भात, भाजी, पोळ्यांना दिवसाला दीडेक युनिट जातं; इन्व्हर्टरची गळती, फ्रिज आणि हीटरचा पंखा वेगळा. सोलर असलं तरी ढगाळ दिवशी रात्रीपर्यंत रिकामं. चार घ्या.

शिवाय 1,800 वॉटची शेगडी 12 व्होल्टवर 160 अँपिअरच्या वर खेचते. बॅटरीतलं संरक्षक सर्किट साधारण 100 अँपिअरचं असतं, त्यामुळे 3,000 वॉटचा इन्व्हर्टर दोन बॅटऱ्यांवर पूर्ण भाराला बंद पडतो. त्याला 4/0 मापाची जाड, आखूड तार हवी आणि बॅटरीला खेटून क्लास-टी (मोठ्या प्रवाहासाठीचा) फ्यूज. ट्रेलरमधला बॅटरी चार्ज करणारा जुना कन्व्हर्टर लेड-ॲसिडसाठीचा असतो, तो लिथियम पूर्ण भरत नाही. तोही बदलावा लागेल. ट्रकवरून चार्ज करायचं तर मधे प्रवाह आवरणारा डीसी-डीसी चार्जर हवाच, नाहीतर ट्रकचा अल्टरनेटर (वीज बनवणारा भाग) तापतो. शून्य अंशाखाली लिथियम चार्ज करू नये, म्हणून बॅटऱ्या ट्रेलरच्या आत ठेवा. आणि पुण्याहून आणलेला 230 व्होल्टचा मिक्सर तिथल्या 120 व्होल्टवर रडतखडतच फिरेल, तिथलाच घ्या.

प्रश्न : ग्रीनकार्ड आहे. पत्ता कोणता द्यायचा? आणि संडासाच्या टाकीला वास येतो, तो का?

उत्तर : दक्षिण डकोटा, टेक्सास किंवा फ्लोरिडातली टपाल-सेवा (पत्ता देऊन टपाल पुढं पाठवणारी) घेऊन बहुतेक जण तिथलेच रहिवासी होतात. पत्ता बदलल्यापासून 10 दिवसांत एआर-11 (इमिग्रेशन खात्याला नवा पत्ता कळवायचा फॉर्म) भरायला मात्र विसरू नका. विमा ‘फुल-टायमर’ (आरव्हीतच कायम राहणाऱ्यांसाठीच्या) प्रकारचा घ्या. नव्या आरव्हीची वॉरंटी अनेकदा कायमच्या राहण्याला लागू होत नाही, तेही आधी वाचा.

वासाचं कारण बहुधा टाकीचा उघडा ठेवलेला निचऱ्याचा व्हॉल्व्ह. पाणी निघून जातं, घट्ट मैला मागे राहून थर बसतो. व्हॉल्व्ह बंद ठेवा, टाकी दोन-तृतीयांश भरल्यावरच सोडा आणि लगेच दोन-तीन गॅलन पाणी आत ओता.