छोट्या कोचिंग क्लाससाठी सीआरएम (चौकशीला येणाऱ्यांची नोंद आणि पाठपुरावा ठेवणारं सॉफ्टवेअर) घ्यायचंय, वर्षाचे ३० हजार सांगतायत, घेऊ का?

तुम्ही लिहिलंय की ११वी-१२वी सायन्सचा क्लास आहे, दीडशेच्या आसपास मुलं, मिसेस काउंटर बघतात, एक मुलगा कॉलिंगला ठेवलाय. सर, माझं सरळ मत, आत्ता घेऊ नका, हा ॲडमिशनचा सीझन तरी जाऊ द्या.

माझाही क्लास आहे, तालुक्याच्या गावात, आणि मी तीन वर्षांपूर्वी असंच सीआरएम घेतलं होतं. डेमो द्यायला आलेल्या पोराने लॅपटॉपवर असे काही रंगीत ग्राफ दाखवले की मी त्याच दिवशी अख्ख्या वर्षाचे पैसे भरून मोकळा झालो. झालं काय, तर एका इन्क्वायरीला अकरा रकाने भरायचे, त्यात ईमेल कंपल्सरी. आता समोर पालक उभे, मागे अजून दोघं, फोन वाजतोय, त्यात ईमेल कोण विचारणार? आमच्या काउंटरवरच्या मॅडमनी सगळ्यांना एकच ईमेल टाकला, क्लासचाच! पंधरा दिवसांनी त्या गुपचूप वहीवर परत आल्या आणि मला ते कळलं दोन महिन्यांनी. सोडायचं ठरवलं तेव्हा दुसरा झटका, नावांची यादी एक्सेलमध्ये उतरवायची सोयच नव्हती, सपोर्टला मेल करून करून थकलो, शेवटी मॅडम आणि मी दोन रात्री बसून चारशे नावं हाताने लिहून काढली.

त्यामुळे कोणतं घ्यावं याच्या आधी तुमचं गळतंय कुठे ते बघा. आपल्या धंद्यात मार्चमध्ये दहावीचे पेपर संपले की चौकशा सुरू होतात, पण पालक ठरवतात रिझल्ट लागल्यावर, म्हणजे मध्ये दोन महिने जातात आणि या दोन महिन्यांत जो बरोबर दिवशी फोन करतो त्याच्याकडे मूल जातं. म्हणून मी आता गूगल शीटवर सातच रकाने ठेवलेत. मुलाचं नाव, पालकांचा मोबाईल, शाळा, कोणी पाठवलं, डेमो लेक्चरला बसला का, काय बोलणं झालं, आणि सगळ्यात महत्त्वाचा शेवटचा, पुढचा फोन कधी. रोज सकाळी त्या तारखेने फिल्टर लावायचा, आजची नावं समोर. बास. "कोणी पाठवलं" हा रकाना मी उगाच म्हणून ठेवला होता, पण पहिल्याच वर्षी कळलं की बॅनरवर घातलेले पैसे जवळजवळ पाण्यात गेलेत, मुलं येतायत ती जुन्या पालकांच्या सांगण्यावरून.

मोबाईल नंबर नेहमी आई-वडील दोघांचेही घ्या आणि तेच धरून शोधा. आमच्याकडे एकदा एका मुलीसाठी आईने एका नंबरवरून चौकशी केली, वडिलांनी दुसऱ्यावरून, दोन नोंदी झाल्या. ॲडमिशन होऊन गेल्यावर आमच्या कॉलिंगच्या मुलाने वडिलांना फोन लावून डेमोला पाठवा म्हणून आग्रह केला, ते म्हणाले अहो ती आत्ता तुमच्याच वर्गात बसलीय.

व्हॉट्सॲप बिझनेसचं साधं ॲप फुकट आहे, त्यात लेबल लावता येतात, ठरलेली उत्तरं सेव्ह करता येतात, तुम्हाला सध्या तेवढं पुरेल. फक्त ब्रॉडकास्टची (एकच मेसेज एकदम अनेकांना पाठवायची सोय) गोम लक्षात ठेवा, एका यादीत २५६ जण बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज जातो. त्यामुळे काउंटरवर असतानाच पालकांकडून नंबर सेव्ह करून घ्यायचा, लाजायचं नाही. कंपनीवाले जे "ऑटोमॅटिक व्हॉट्सॲप" म्हणतात ते वेगळं, त्याला मेसेजमागे पैसे पडतात, फीच्या आठवणीचा मेसेज स्वस्त आणि जाहिरातीचा बराच महाग, तो खर्च त्या ३० हजारांत धरलाय का ते लेखी विचारा. आणि ३० हजार म्हणजे १८ टक्के जीएसटी धरून ३५,४०० होतात. तुमची उलाढाल २० लाखांच्या आत असेल आणि जीएसटी नंबर काढला नसेल तर तो वरचा टॅक्स तुमच्याच खिशातून.

अजून एक घोळ बरेच जण करतात. झोहो, हबस्पॉट ही सीआरएम चौकशीपासून ॲडमिशनपर्यंतची कामं करतात, आणि क्लासप्लस, टीचमिंटसारखी ॲप हजेरी, नोट्स, ऑनलाइन लेक्चर यासाठी. तुमचं दुखणं फीच्या हप्त्यांचं असेल (दीडशे मुलं म्हणजे असणारच) तर नुसत्या सीआरएमने ते जात नाही. शीट अपुरी पडायला लागली तर आधी झोहो सीआरएमची फ्री एडिशन वापरून बघा, तीन जणांपर्यंत चालते, तुम्ही तिघंच आहात.

एवढं करूनही पैसे भरायचेच असतील तर डेमोच्या वेळी लॅपटॉप बंद करायला सांगा आणि मिसेसना त्यांच्या स्वतःच्या मोबाईलवरून पाच चौकशा भरू द्या, त्यातली एक एकाच नंबरवरच्या दोन भावंडांची. मग सगळी यादी एक्सेलमध्ये काढून दाखव म्हणा. जो "नंतर दाखवतो" म्हणेल त्याला चहा पाजून पाठवून द्या. मुलं १८ च्या आतली आहेत, २०२३ च्या डेटा कायद्यात त्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितलीय, म्हणून चौकशीच्या फॉर्मवर पालकांची सही घेत चला.

आणि तो कॉलिंगचा मुलगा फोन कुठून करतो? स्वतःच्या सिमवरून करत असेल तर आजच क्लासच्या नावावर सिम घ्या. आमच्या शेजारच्या क्लासचा कॉलिंगचा मुलगा एप्रिलमध्ये सोडून गेला, सगळे चॅट त्याच्या फोनमध्ये, आणि जूनमध्ये तो समोरच्या क्लासच्या काउंटरवर बसलेला दिसला.